झाकणाची आतली बाजू

शामकांत धर्माधिकारी आणि सूर्यभान मिस्त्री यांची पहिली भेट झाली तेव्हा सूर्यभान जमिनीतून उगवला. ही हकिगत शामकांतांच्या तोंडून ज्यांनी वरचेवर ऐकली आहे, त्यांना ठाऊक आहे की तिच्यातलं ऊन, धूळ आणि सूर्यभानची उंची दर दिवाळीला थोडी थोडी वाढत गेली. सध्या जी आवृत्ती चालू आहे तिच्याप्रमाणे त्या दिवशी नागापूरच्या नाक्यावर डांबर वितळून वाहत होतं, कावळ्यांनी उडणं सोडून पायी जाणं पसंत केलं होतं आणि शामकांत आपली सात महिन्यांची कोरी मोटरसायकल तीन मैल ढकलत आले होते. मूळ आवृत्तीत हे अंतर एक फर्लांग होतं. एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडपुढे ट्रकची ट्रॉली उभी होती. तिच्याखालच्या खड्ड्यातून आधी एक हात आला. तो कोपरापर्यंत बाहेर यायलाच पाच मिनिटं लागली. मग मिशी आली. आणि मिशीच्या मागोमाग, जागा मिळेल तसा, उरलेला सूर्यभान.

शामकांतांनी खाकी कव्हर घातलेलं गाडीचं माहितीपुस्तक उघडून त्याला प्रकरण चार वाचून दाखवायला सुरुवात केली. सूर्यभानने दीड पान ऐकून घेतलं. मग टाकीला कान लावला, कानाजवळ गाडी हलवली आणि म्हणाला, "साहेब, पुस्तक लई चांगलं हाय. पेट्रोल न्हाई पन."

पेट्रोलचा कॉक फिरवून रिझर्व्हला केला, गाडी सुरू झाली आणि पंचवीस वर्षांचा संबंध जुळला.

शामकांत तेव्हा नगरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर आणि गेलेल्या प्रत्येक कागदाला पोच, या दोन गोष्टींवर जग टिकून आहे अशी त्यांची समजूत होती. घरात रद्दीवाल्याकडूनही ते पोच घेत. सावेडीत दोन खोल्या आणि एक व्हरांडा, पत्नी नीलांबरीबाई शाळेत शिक्षिका, आणि सन दोन हजारच्या दसऱ्याला घेतलेली ही शंभर सीसीची काळी गाडी. एवढ्या संसारात त्यांना न समजणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे इंजिन. आणि ज्या वस्तूचं पुस्तक आपल्याकडे आहे ती आपल्याला समजत नाही, हे त्यांना मान्य नव्हतं.

सूर्यभानने हे पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याने एक नियम घालून दिला. "साहेब, पुसा, तेल बघा, हवा भरा. पन मी हाय तवर पान्याला हात लावायचा न्हाई."

सूर्यभानची स्वतःची एक पद्धत होती. इंजिन उघडलं की बंद करण्यापूर्वी तो हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्याच्या, झाकणाच्या आतल्या बाजूला टोच्याने कोरून ठेवी: तारीख आणि कारण. 'रिंग.' 'व्हॉल घासला', म्हणजे व्हॉल्व्ह घासून बसवला. पुढे कुणीही उघडलं तरी त्याला गाडीचं दुखणंखुपणं कळावं म्हणून. शामकांतांना ही पद्धत फार आवडली. इंजिनाच्या पोटातही आवक-जावक आहे या विचाराने ते त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले होते.

हीच पद्धत पुढे त्यांच्या मानेवर बसली.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतरचा एक रविवार. नीलांबरीबाई माहेरी पैठणला गेल्या होत्या. आदल्याच आठवड्यात सूर्यभानने सर्व्हिसिंग केलं होतं, गाडी लोण्यासारखी चालत होती, आणि नेमकं म्हणूनच शामकांतांना वाटलं की आता उघडून बघायला हरकत नाही. आजारी माणसाला कशाला त्रास द्या. त्यांनी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरलं, प्रकरण सात उघडून त्यावर वरवंटा ठेवला आणि हेडचं झाकण उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. ते समाधानाने झाकण बसवायला लागले आणि तांब्याचा एक वॉशर, बोटभर रुंदीचा, त्यांच्या चिमटीतून सुटला. 'टिण्' असा आवाज झाला. मग आणखी खोल कुठेतरी दुसरा, बारीक 'टिण्'. मग काहीच नाही.

शामकांतांनी बराच वेळ विचार केला आणि वॉशर पडलाच नाही असा निर्णय घेतला. स्वयंपाकघरातल्या नळाचा एक जुना रबरी वॉशर त्या जागी बसवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या कामाने नागापूरला जाताना गाडी अशी किंचाळली की रस्त्यावरचं कुत्रंही बसून राहिलं. गाडी ढकलत शेडपर्यंत नेली तेव्हा तिथे सहा-सात गिऱ्हाइकं होती. आणि एवढ्या लोकांसमोर घाम पुसताना शामकांतांच्या तोंडून निघून गेलं, "सूर्यभान, मागच्या आठवड्यात तुम्ही काय केलंत हो हिला? काम जमत नसेल तर पाटी उतरवा!"

सूर्यभानने पाना घेतला. त्याने झाकण उघडलं. शामकांत पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. त्यांनी त्या महिन्यातल्या सगळ्या एकादश्या पाठ केल्या. मागे पान्याचा आवाज थांबला. मग सूर्यभान म्हणाला, "माझ्याकडनंच ऱ्हायलं आसंल, साहेब."

त्याने मजुरी घेतली नाही. बंद करण्यापूर्वी झाकण उलटं धरून तो टोच्याने काहीतरी कोरत होता. शामकांतांना फक्त त्याचं कोपर हलताना दिसलं.

गोष्ट इथेच मिटती तरी बरं होतं. पण कचेरीच्या चार मोटरसायकली शामकांतांच्याच शिफारशीवरून सूर्यभानकडे जात असत. त्या सहा-सातांपैकी कुणीतरी बोललं, ते कचेरीतल्या वरिष्ठांच्या कानावर गेलं आणि त्यांनी फाइलवर अभिप्राय मागितला. नागापुरात बोललो ते एक आणि कागदावर लिहायचं दुसरं, हे शामकांतांच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'काम असमाधानकारक.' सही केली, नंबर घातला. चारही गाड्या दुसरीकडे जायला लागल्या.

सूर्यभानने ही गोष्ट कधी काढली नाही आणि शामकांतांनी काढू दिली नाही. त्याऐवजी ते दर महिन्याला त्याच्याकडे जायला लागले. सावेडीतून नागापूरपर्यंत, वाटेत तीन पंप सोडून, हवा भरायला. दिवाळीला चिवड्याचा डबा, संक्रांतीला तिळगूळ. कॅलेंडरखालच्या खिळ्याला हेल्मेट अडकवायचं, स्टुलावर बसायचं, चहा घ्यायचा. झाकण उघडावं लागेल असं काम निघालं की शामकांतांना नेमकं त्याच दिवशी कुणाच्या तरी बारशाला जायचं असे. बावीस वर्षांत त्यांनी त्या झाकणाची आतली बाजू एकदाही पाहिली नाही.

यंदाच्या आषाढात सूर्यभान गेला. हातात चहाचा कप होता म्हणतात, आणि कप सांडला नाही. शामकांत दहाव्याला गेले, सूर्यभानच्या मुलाला, करणला, भेटले आणि गाडीवरून परत निघाले. प्रेमदान चौकाच्या अलीकडे इंजिनातून आवाज आला.

टक. टक. टक.

शामकांतांनी गाडी हळू केली. टक, टक हळू झाली. ते थांबले. तीही थांबली.

भूत रात्री येतं, पिंपळावर राहतं, असं शामकांत लहानपणापासून ऐकून होते. त्या मानाने हे भूत कामसू होतं. ते सकाळी नऊला यायचं, दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी घ्यायचं आणि सहाला जायचं. पहिले काही दिवस आवाज गाडीवर असतानाच येई. मग तो गाडीवरून उतरून त्यांच्या मागोमाग घरात आला. गाडी व्हरांड्यात बंद उभी असताना, लख्ख उन्हात, वरणभात कालवता कालवता शामकांतांचा हात थांबे. टक. न्हाणीघरात टक. अथर्वशीर्षाच्या नवव्या ओळीला टक. फक्त गुरुवारी शुकशुकाट. सूर्यभानचं शेड गुरुवारी बंद असायचं.

"अगं, ऐकू येतंय?" त्यांनी एकदा विचारलं.

"येतंय की," नीलांबरीबाई म्हणाल्या. "पंखा आहे. गुरुवारी लाइट नसते तेव्हा बंद असतो. दोन महिने सांगतेय, बघा म्हणून."

शामकांतांचा चेहरा उजळला. त्याच संध्याकाळी त्यांनी जुना पंखा काढून नवा बसवून घेतला. नवा पंखा इतका गुपचूप फिरत होता की आता टकटक अगदी स्वच्छ ऐकू यायला लागली. नीलांबरीबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून वर पंख्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. त्यांनाही ऐकू आली होती का, हे विचारायचं धाडस शामकांतांना झालं नाही.

आणि मुदत जवळ येत होती. ऑक्टोबरच्या सहा तारखेला गाडीच्या वाढवून घेतलेल्या नोंदणीची पाच वर्षं संपत होती. पुन्हा नोंदवायची तर आरटीओत तपासणीला उभी करावी लागणार, आणि टकटक करणाऱ्या गाडीला कोण पास करणार? इंजिन उघडणं भाग होतं. प्रश्न एवढाच होता की ते उघडायचं कुणी.

मिस्त्रीला द्यावी, तर मिस्त्री म्हणजे आता बापाचं शेड चालवणारा करण. तो बापाचं अक्षर पहिल्या नजरेत ओळखणार. त्या दिवशीची तारीख वाचणार. दुसऱ्या मिस्त्रीला द्यावी, तर तो ते झाकण चारचौघांत मोठ्याने वाचणार, आणि नागापुरात गोष्ट पोचायला चहा गार व्हावा लागत नाही. स्वतः उघडावी, तर एकदा उघडून काय झालं ते समोर होतं. शामकांतांनी एका कागदावर मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहिले. 'स्वतः'च्या खाली एकच मुद्दा आला: कोणी वाचणार नाही. 'मिस्त्री'च्या खाली अकरा मुद्दे आले. ते सगळे बरोबर होते, म्हणून त्यांनी कागद फाडून टाकला.

त्याआधी एकदा चाचपणी करायला ते नागापूरला गेले होते. गाडी न्यायची नाही म्हणून बसने. स्टुलावर बसले, खिळ्याकडे हात गेला आणि हेल्मेट नाही हे लक्षात आलं.

"करण, समजा हं, समजा. एखाद्या गाडीत टकटक येत असेल, तर काय असू शकतं?"

"कुनाच्या गाडीत, काका?"

"आहेत एक गृहस्थ."

करणने हात पुसता पुसता त्यांच्याकडे पाहिलं. बापाची मिशी त्याला नव्हती, पण मिशीमागचं हसू होतं. "त्या गृहस्थाला म्हनावं, गाडी घेऊन या. गाडी बघितल्याबिगर कसं सांगू? येळ आली तर वरचं झाकन खोलून बघावं लागंल."

शामकांतांनी चहा अर्धा टाकला.

भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी नीलांबरीबाई भजनाला गेल्यावर त्यांनी व्हरांड्याची जाळी आतून लावली. वर्तमानपत्र पसरलं. खाकी कव्हरचं पुस्तक उघडून त्यावर तोच वरवंटा ठेवला. आता वय वर्षं अडुसष्ट आणि चष्मा दोन नंबरांचा. बाहेर रस्त्यावर ऊन एवढं होतं की माणूस नव्हतं. टकटक चालू होती. पहिल्या नटला पाना लागला आणि ती थांबली.

ऐकायला कुणीतरी पुढे वाकावं तसं वाटलं त्यांना.

चार नट निघाले. चार वॉशर निघाले, ते त्यांनी बशीत ठेवले आणि बशीवर दुसरी बशी उपडी घातली. रबरी मुठीची हातोडी हळूच मारल्यावर झाकण सुटलं. त्यांनी ते फडक्याने पुसलं, उजेडाकडे नेलं आणि डोळे मिटले. मग चष्मा आहे की नाही हे चाचपून उघडले.

सूर्यभानचं अक्षर बारीक होतं. पहिलीच ओळ, 'रिंग', दोन हजार एकची. तिच्याखाली: 'व्हॉल'. तिच्याखाली तारीख, ३-११-०३. आणि तिच्यापुढे, 'वॉशर. साहेब.'

एवढंच. ना शिवी, ना कारण. आवक नोंदवावी तशी नोंद. त्यांनी खाली वाचलं. वर्षामागून वर्षं, चेन, सील, व्हॉल. सगळ्यात खाली, मागच्या वर्षीच्या दसऱ्याच्या तारखेची नोंद. अक्षर थकलेलं, तिरकं उतरत गेलेलं. त्या दिवशी शामकांत कुणाच्या तरी बारशाला गेले होते.

'साहेब, झाकन लावा.'

शामकांतांनी मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात तुळस होती, नीलांबरीबाईंच्या घरातल्या चपला होत्या, उन्हाची जाळी फरशीवर पडली होती. मिस्त्री नव्हता. पण तो नसताना, मरून दोन महिने झालेले असताना पाळायचा हा हुकूम त्याने आधीच कोरून ठेवला होता. साहेब एक दिवस हे उघडणार, एकटे असताना उघडणार, आणि त्यांना सांगायला आपण नसणार, हे सगळं हिशेबात धरून. त्यांनी म्हटलं, "लावतो, सूर्यभान. लावतो." आणि घाईघाईने झाकण तिरकंच टेकवलं, वरची बशी काढली, एक वॉशर घातला, दुसरा घातला, तिसरा उचलला.

टिण्.

आणि खोल, दुसरा टिण्.

या वेळी त्यांनी वॉशर पडला नाही असा निर्णय घेतला नाही. पण आशा ही चीज अडुसष्टाव्या वर्षीही बारा वर्षांची असते. कदाचित तो कडेला पडला असेल, म्हणून तिसऱ्या नटाखाली काहीच न घालता त्यांनी सगळं आवळलं आणि एक किक मारली. एकच. आत काहीतरी तडकलं आणि पायाखालून किक परत वर आली नाही.

सोमवारी गाडी टेम्पोत घालून नागापूरला गेली. शामकांत टेम्पोत ड्रायव्हरशेजारी हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. शेडपुढे पाच-सहा गिऱ्हाइकं होती. ते उतरले, आणि कुणी विचारायच्या आत उभ्याउभ्या म्हणाले, "करण, वॉशर आत पडला आहे. मी पाडला. मागे, तीन साली पडला होता तोही मीच पाडला होता. तुझ्या वडिलांनी नव्हे."

मग कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं.

"त्यो व्हय?" करण म्हणाला, आणि कॅलेंडरकडे बोट केलं.

कॅलेंडरखालच्या खिळ्यात, भिंतीला चिकटून, तांब्याचा एक वॉशर लटकत होता. चिंबलेला, हिरवा पडलेला. शामकांत बावीस वर्षं दर महिन्याला त्याच्यावर हेल्मेट अडकवत आले होते.

"आख्ख्या नागापूरला म्हाईत हाय, काका. तुमी आला की बाबा म्हनायचे, वॉशरसाहेब आले, च्या टाका. नळाचा वॉशर बसवला हुता म्हनं तुमी! ह्यो बाबांनी आतून काढला तवा दोन दिस हसत हुते." करणलाही हसू आवरत नव्हतं. "बाबा म्हनायचे, साहेब एक दिवस सोता सांगतील, तवर कुनी बोलायचं न्हाई."

सगळे हसले. शामकांतही हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बावीस वर्षांचं ओझं बोटभर वॉशरएवढं निघालं होतं. इथे थांबले असते तर चहा पिऊन घरी गेले असते. पण एकदा झाकण उघडलंच होतं.

"आणि आमच्या कचेरीच्या चार गाड्या इकडे यायच्या बंद झाल्या," ते म्हणाले, "तो शेरा कुणी लिहिला होता माहीत आहे?"

करणचं हसू जागच्या जागी राहिलं. "न्हाई. आईला वाटायचं, नाक्यावरच्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं काड्या केल्या. दोन वर्सं बोलत नव्हती त्यांच्या घरात."

"मी लिहिला."

कुणी हसलं नाही. एका गिऱ्हाइकाने उगाच आपल्या गाडीची हवा दाबून पाहिली.

"बाबांना म्हाईत हुतं?" करणने विचारलं.

"मला कळायला मार्ग नाही."

करण खाली बसला आणि नट काढायला लागला. त्याने झाकण उघडलं, उलटं केलं, फडक्याने पुसलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. शामकांत या वेळी कॅलेंडरकडे वळले नाहीत. ते करणच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या चेहऱ्यावर त्यांना काहीच वाचता आलं नाही. तेवढ्यात, कुठलंही इंजिन चालू नसताना, शेडच्या पत्र्याखाली त्यांना एकदा स्पष्ट ऐकू आलं: टक.

करणने मान वर केली नाही. "जा काका तुमी," तो म्हणाला. "फोन करतो."

शामकांत दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेले. तो शेरा खोडून शेजारी सही करू द्यावी, एवढीच विनंती त्यांनी अर्जात केली होती. आताच्या कारकून मुलीने रजिस्टर पाहून सांगितलं की ती फाइल नियमाप्रमाणे दहा वर्षांनी नष्ट केली आहे. अर्जाची पोच मात्र दिली.

करणचा फोन बारा दिवसांनी आला. किक मारल्यावर वॉशर आतल्या चेनखाली सापडून इंजिनाची खालची केस, म्हणजे बाहेरचं कवच, चिरली होती आणि या गाडीची केस आता कुठे मिळत नव्हती. "झाकण तेवढं मला दे," शामकांत म्हणाले. "बाबांचं अक्षर हाय काका," करण म्हणाला. "ऱ्हाऊ द्या हितंच." मजुरी किती, असं विचारलं तर म्हणाला, काम झालंच न्हाई.

टकटक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या सैल पडलेल्या जोडाची, होती. टॅपेट हेडचं झाकण न काढता बाहेरून आवळता येतं. पंधरा मिनिटं लागतात. सहा ऑक्टोबरला नोंदणीची मुदत संपली आणि गाडी भंगारात गेली.